कॉलच्या आधी घासू नकोस

काकू,

मी सत्तावीस वर्षांची आहे. नागपूरच्या इतवारीत सराफ्याच्या एका गल्लीत आमचं लहानसं दुकान आहे. मागच्या खोलीत बाबा आणि एक कारागीर बसतात. मी बाहेर डिझाइन शिकून तीन वर्षांपूर्वी परत आले. तेव्हापासून दिवसा दुकानाचं काम आणि रात्री माझं, असं चाललंय. माझं म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबा आणि चांदी. त्यातून ब्रोच, गळ्यातली, हातातली कडी करते. आईचे वडील एम्प्रेस मिल या कापड गिरणीत होते, रोज सायकलने जायचे. म्हणून भंगारवाल्याकडून जुन्या लाकडी बॉबिनी आणल्या, त्याही वापरते.

एका मार्गदर्शन उपक्रमात माझी निवड झाली. ऑगस्टपासून परदेशातल्या एक ज्येष्ठ ज्वेलरी कलाकार दर पंधरा दिवसांनी माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. कॉलेजात असल्यापासून मी त्यांचं काम बघत आले आहे. फेब्रुवारीत आम्ही चौघं मिळून नागपुरात प्रदर्शन करणार आहोत. सगळं छान वाटत होतं. रबराला लागून असलेली चांदी आठ-दहा दिवसांत काळी पडते, म्हणून कॉलच्या आधी सगळं रिठ्याच्या पाण्यात घासून लख्ख करते, फोटोही लगेच काढून ठेवते. पण गेल्या कॉलला त्या एवढंच म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हे मी आधी पाहिलं आहे." रात्रभर शोधलं तेव्हा कळलं, त्यांच्याच पंधरा वर्षांपूर्वीच्या कामासारखं दिसतंय ते. मी मुद्दाम केलं नव्हतं हो.

बाबांचं वेगळंच. "कोन घालन हे?" एवढंच विचारतात. परवा एक ब्रोच काउंटरवर राहिला तर म्हणाले, "उचल ते. लोकाले वाटन आपण भंगार घेऊन राहिलो."

या कामासाठी नागपुरात काही नाही, असंही वाटतं. प्रदर्शनातून नाव मागे घेऊ का?

— ऐरणीजवळची, इतवारी

*

ऐरणीजवळच्या मुली,

नाव मागे घेऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाप-लेकीचं नेहमीचं प्रकरण असेल असं वाटून मी चहा ठेवायला उठले होते. दुसऱ्यांदा वाचताना रिठ्यापाशी अडखळले. ती ओळ तू ओझरती लिहून पुढे गेलीस, पण माझ्या मते तुझी सगळी भानगड तिथेच आहे.

आधी काळ्या चांदीचं बघू. ट्यूबचं रबर ताणल्यावर जागेवर परत यावं म्हणून कारखान्यात त्यात गंधक घालून ते तापवतात. त्यातलं थोडं गंधक मोकळं राहतं आणि हळूहळू बाहेर येत राहतं. चांदीला ते भेटलं की सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर धरतो. उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्याने खाल्लं तर चमचा काळा पडतो, तोच प्रकार. उष्णतेने हे सगळं भराभर होतं. आत्ता थंडीत आठ-दहा दिवस लागतात म्हणतेस ना, आपल्या मे महिन्यात बघ. शुद्ध सोनं मात्र गंधकाला भीक घालत नाही. बाबांना हे पुस्तकात न वाचताही माहीत असणार. चांदीचे पैंजण रबरबँड लावून ठेवू नका, असं गिऱ्हाइकाला सांगणारे सराफ मी पाहिले आहेत.

म्हणजे तुझ्या हातून चूक झालेली नाही. तू दोन अशा वस्तू शेजारी ठेवल्यास ज्यांचं एकमेकांशी काही घडतं. आणि जे घडतं तेच तू दर पंधरा दिवसांनी घासून टाकतेस.

आता त्या बाईंच्या जागी बसून बघ. पडद्यावर एक लख्ख चांदीचं, काळ्या रबराचं, चांगल्या उजेडात ठेवलेलं गळ्यातलं दिसतं. अंगावर नाही, टेबलावर. ते पाहून दुसरं काय बोलणार? रूपाबद्दलच बोलणार. आणि रूप त्यांच्यासारखं झालं यात नवल नाही, कारण कॉलेजपासून तुझ्या डोळ्यात त्यांचंच काम आहे. शिवाय त्यांना बरं वाटेल असं काहीतरी समोर ठेवायची धडपडही असते, तीही निमूटपणे हात वळवते. चांदी काळी पडण्याचा भाग मात्र त्यांच्याकडून आलेला नाही. तो तुझ्या टेबलावर घडलाय. त्यांच्यापासून वेगळं असं जे एकमेव होतं, ते तू दाखवलंच नाहीस.

हे मी ऐटीत लिहितेय, पण माझी गोष्ट तुझ्याहून वाईट आहे. मी धातूकाम शिकले ते एका शिल्पकाराच्या हाताखाली. मोठे होते, आता नाहीत. सात वर्षं मी तांब्याचा पत्रा त्यांच्यासारखा ठोकला, त्यांच्यासारखा जाळला, बोलताना हातसुद्धा त्यांच्यासारखे हलवायचे. माझ्या पहिल्या प्रदर्शनात एक गृहस्थ बराच वेळ फिरले, मग माझ्या देखत सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, या वेळचं काम फार छान." सर हसले. मी घरी जाऊन दोन महिने पत्र्याला हात लावला नाही. पण एक सांगते, त्या सात वर्षांत माझा हात तयार झाला. नक्कल करून हात तयार होतो. भिंतीवर लावायच्या आधी ती ओळखता आली पाहिजे, एवढंच. तू ओळखलीस, तीही प्रदर्शनाच्या आधी. माझ्यापेक्षा स्वस्तात सुटलीस.

आपल्याकडे याला उमेदवारी म्हणतात. सोनाराकडे पोरगा उमेदवारीला राहिला की तो उस्तादाच्या मांडीला मांडी लावून बसतो. सांध्याचा डाग नीट बसला नाही, तार तुटली, मुशीतून रस सांडला, सगळं उस्तादाच्या डोळ्यांदेखत. लपवायला जागाच नसते. तुझ्या मेंटॉर हजारो मैलांवर आहेत आणि त्यांना पंधरा दिवसांतला एकच तास दिसतो. लपवणं इतकं सोपं आहे की आपण लपवतोय हे लक्षातही येत नाही. म्हणून अशा मार्गदर्शनात चुका दाखवण्याचं काम शिकणाऱ्यालाच करावं लागतं. पुढच्या कॉलला घासलेलं काही नेऊ नकोस. तीन वस्तू ने: एक कालची, एक दहा दिवसांची, एक महिन्याची. आणि "कसं वाटतंय?" असं विचारू नकोस, त्या प्रश्नाला माणूस "छान" म्हणून मोकळा होतो. "हे काळं कुठून सुरू होतंय असं तुम्हाला दिसतं?" असलं काहीतरी विचार. बघ संभाषण कुठे जातं ते.

तुझ्या उपक्रमासारखा एक न्यूझीलंडमध्ये निघाला, 'हँडशेक' नावाचा. पीटर डेकर्स या ज्वेलरी शिक्षकाने २०११ च्या सुमारास सुरू केला. शिक्षण संपवून नुकत्याच बाहेर पडलेल्या ज्वेलरांनी आपल्याला आवडणारा कलाकार मेंटॉर म्हणून निवडायचा, तो जगात कुठेही असो, आणि दुरूनच बोलत-लिहीत प्रदर्शनासाठी नवं काम घडवायचं. यात मेंटॉर आणि प्रदर्शनाची तारीख अशी जोडी आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. नुसता मेंटॉर असला तर माणूस जन्मभर शिकतच राहतो. नुसती तारीख असली तर जे जमतं तेच पुन्हा करून मोकळा होतो.

त्याच देशातली आणखी एक हकिगत. म्युनिकच्या कला अकादमीत हेरमान युंगर नावाचे मोठे सुवर्णकार शिकवायचे. १९८२ साली ते न्यूझीलंडच्या नेल्सन शहरात कार्यशाळा घ्यायला गेले. एवढा मोठा माणूस इतक्या लांब आला म्हटल्यावर तिथल्या ज्वेलरांनी म्युनिकसारखं सोन्याचं काम सुरू केलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण १९८८ मध्ये तिथल्या ज्वेलरीचं जे प्रदर्शन गाजलं त्याचं नावच होतं 'बोन, स्टोन, शेल'. हाडं, दगड, शिंपले. पायाखाली जे होतं ते.

आणि युंगर यांचे शिष्य ओटो क्युंझली. तुझ्या ट्यूबेचे आजोबा म्हण त्यांना. १९८० मध्ये त्यांनी एक कडं केलं: काळ्या रबराची नळी, आणि आत सोन्याचा एक गोळा. सोनं दिसत नाही, नळीला एका जागी फुगवटा तेवढा दिसतो. नाव दिलं 'सोनं आंधळं करतं'. आत खरंच सोनं आहे का हे बघायचं तर कडं कापायला हवं, आणि कापलं तर कडं गेलं. आपल्या इतवारीत एखाद्याने असं कडं काउंटरवर ठेवलं तर दहा मिनिटांत कानस बाहेर येईल! गुरू सोन्याच्या आणि मीनाकारीच्या रंगात रमणारे, शिष्य रबरात सोनं गाडणारा. तरी पुढे युंगर यांच्या जागेवर म्युनिकला शिकवायला क्युंझलीच आले, १९९१ मध्ये. गुरूसारखं काम न करता गुरूची गादी मिळाली, हे मला मोठं गोड वाटतं. हे काम तुला माहीत असेलच. नसेल तर नीट बघून घे, कारण रबर आणि मौल्यवान धातू म्हटलं की जाणकार तुला पहिलं तेच विचारणार. त्यांच्या नळीत सोन्याला काही होत नाही, ते आत स्वस्थ बसलेलं असतं. तुझ्या कामात चांदीला काहीतरी होतं. फरक इथे आहे, आणि तो तुझ्या बाजूचा आहे.

बॉबिनींबद्दल जरा कडक लिहिते, रागावू नकोस. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून ते नाव. गिरणीचे भोंगे ऐकून घड्याळ लावणारी माणसं माझ्या ओळखीची होती. आता तिथे मॉल आहे. या सगळ्याची हुरहुर मलाही आहे. पण भंगारातून आणलेली बॉबिन चांदीत बसवली की हुरहुर आपोआप येत नाही, दिवाणखान्यातला शोपीस येतो. हॉटेलवाले भिंतीवर बैलगाडीचं चाक लावतात, त्यातलाच प्रकार होतो. तुझ्या आजोबांची बॉबिन ती नव्हेच, ती कुणाचीही आहे. त्यांची वस्तू म्हणायची तर सायकल. आणि ती तुझ्या कामात आधीच आहे, ट्यूबेच्या रूपाने, पंक्चरच्या ठिगळासकट. ठिगळ वापरलंस का कधी? पंक्चरवाला कानशीने रबर खरवडतो, सोल्युशन लावतो, फुंकर मारतो, ठिगळ दाबतो. सोनाराच्या कामाशी किती जुळतं बघ. माझं म्हणणं, बॉबिनी या प्रदर्शनापुरत्या बाजूला ठेव. आईला विचार, आजोबा कोणत्या रस्त्याने जायचे, सायकल कुठे पंक्चर व्हायची, ट्यूब किती ठिगळांनंतर बदलायचे.

आता बाबा.

"कोन घालन हे?" हा प्रश्न तुला टोमणा वाटतो. मला तो धंद्यातला अगदी रास्त प्रश्न वाटतो, फक्त अर्धा विचारलेला. पुढचा अर्धा आहे, "याची मोड किती?" म्हणजे मोडीत घातलं तर परत किती येतील. तुमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक कोण? काटोल, सावनेर, उमरेडकडची शेतकरी घरं असतीलच. त्यांच्यासाठी गरसोळी, डोरलं, पाटल्या म्हणजे नुसती हौस नाही. दिवाळीनंतर कापूस विकला की तोळाभर घ्यायचं, मृगाच्या आधी बियाण्याला पैसे कमी पडले की तेच गहाण ठेवायचं, पुन्हा सोडवायचं. दागिना अंगावर असतो आणि बँकेतही असतो. तुझे बाबा चाळीस वर्षं लोकांच्या अडीनडीच्या वस्तू तोलून देत आले आहेत. वजन, कस, घडणावळ, घट, मोड. तुझ्या ब्रोचला यातलं एकही माप लागत नाही. चांदीचं वजन काढलं तर किमतीचा किरकोळ भाग, बाकी सगळं त्यांच्या हिशेबात हवेत. त्या काउंटरवर तो ब्रोच पाहून त्यांना भीती वाटली असेल तर ती पत जाण्याची भीती आहे. सराफाची पत गेली तर दुकान गेलं. तेव्हा काउंटरवर ठेवू नकोस. त्यात अपमान मानू नकोस.

आणि त्यांना हे काम आवडावं यासाठी धडपडूही नकोस. चित्रपटात होतं तसं बाबा उद्घाटनाला येऊन डोळे पुसतील, अशी वाट बघत बसशील तर काम राहून जाईल.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं सांगू? मदत मागितली नसती, काम दिलं असतं. पत्रातल्या फोटोत दिसतंय, तुझ्या ब्रोचच्या मागच्या पिनेचा डाग कच्चा आहे, दोन ठिकाणी झाळ वाहून गेली आहे. घडवणारी म्हणून तू चांगली आहेस, पण बारीक बिजागरीचं काम बाबांच्या हातासारखं व्हायला तुला अजून दहा वर्षं लागतील. तर सात पिना त्यांना करायला दे. चांदीच्या, बिजागरीसह, टोकाला आकडा. घडणावळ ठरव, आगाऊ दे, पावती फाडून घे. मुलगी म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. बाबा आधी "वेडी झाली का बे?" म्हणतील. म्हणू दे. पण एकदा का काम आलं की सोनार ते वाईट करून देत नाही, ही त्या जातकुळीची खोड आहे. आणि पिन करता करता ते विचारतील, वजन किती, कापड कोणतं, कुठे लावणार? त्या प्रश्नांची उत्तरं शोधताना तुझा ब्रोच सुधारेल. त्यांच्याकडून कौतुक मिळालं नाही तरी हे मिळेल.

गंमत बघ, डाग हा आपल्या भाषेत तिहेरी शब्द आहे. अंगावरचा दागिना म्हणजे डाग, दोन तुकडे सांधणं म्हणजे डाग देणं, आणि चांदीवर पडतो तोही डागच. तिन्ही तुझ्या टेबलावर आहेत. प्रदर्शनाला नाव शोधत असाल तर फुकट घे.

"नागपुरात काही नाही" या वाक्याला मात्र मी हरकत घेणार. काटोल रस्त्याला माहुरझरी आहे, शहरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथे हजारो वर्षांपूर्वी अकीक, कार्नेलियन असल्या दगडांचे मणी घडवायचे, भोकं पाडायचे, घासून चकाकी आणायचे. मेलेल्यांना पुरून वर दगडांची वर्तुळं रचायचे, त्या शिलावर्तुळांखालच्या उत्खननात घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकारही मिळाले. घोड्याला दागिना! त्यापुढे तुझा ट्यूबचा ब्रोच अगदीच सोवळा म्हणायचा. आणि पूर्व विदर्भातले सोनझारी लोक, वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे. सराफ्यातल्या गटारीची आणि झाडलोटीची माती धुऊन त्यातूनही सोनं काढतात. तुमच्या गल्लीत पहाटे हे काम बघितलं असशील. सोनं म्हणजे काय, कचरा म्हणजे काय, हा प्रश्न तुझ्या गल्लीत रोज धुतला जातोय आणि तू म्हणतेस इथे काही नाही. हो, या कामाच्या खास गॅलऱ्या नाहीत, समीक्षक नाहीत, विकत घेणारे बोटांवर मोजण्याइतके. ते खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण ते नसणं वेगळं आणि काही नसणं वेगळं.

प्रदर्शनाविषयी. हातात दोन-सव्वादोन महिने आहेत. पंचवीस वस्तू करू नकोस, सात पुरेत. त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करून टाक आणि सात माणसांना महिनाभर घालायला दे. हीच माझी सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे, बाकी सोडलंस तरी चालेल. तू हे काम आजवर फक्त टेबलावर आणि पडद्यावर पाहिलं आहेस. दागिना अंगावर गेल्याशिवाय पुरा होत नाही. हॉलंडच्या खैस बाकर यांनी १९७३ मध्ये सोन्याची तार दंडावर, कमरेवर घट्ट बांधली, मग काढून टाकली. कातडीवर उमटलेला वळ हाच दागिना, असं त्यांचं म्हणणं. युरोपात त्याची मोठी चर्चा झाली. आपल्या आज्यांना हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं. मेल्यावर सोबत येतो तो एकच दागिना, गोंदण, असं म्हणणाऱ्या बायका विदर्भाच्या गावागावात होत्या, आहेत. जोडवी काढल्यावर बोटावर राहणारा पांढरा पट्टा पाहिला आहेस ना?

सात जण निवडताना मैत्रिणीच निवडू नकोस. एखादी आत्या, एखादा पंक्चरवाला, बँकेत काम करणारं कुणी, दिवसभर स्कूटरवर फिरणारं कुणी. त्यांना वही देऊन रोजनिशी लिहा म्हटलंस तर कुणी लिहिणार नाही. आठवड्यातून एकदा फोन कर आणि विचार: कुठे अडकलं, कुणी काय विचारलं, कधी काढून ठेवलंस. चांदी प्रत्येकाकडे वेगळी काळी पडेल. कुणाच्या घामाने, कुणी रोज पुसल्याने, कुणी कपाटात ठेवून दिल्याने. महिन्याने वस्तू परत घे आणि न घासता मांड. खाली घालणाऱ्याचा व्यवसाय आणि दिवस लिही, नाव नको. मग बघ, तुझ्या मेंटॉरच्या कामाशी ते कुठे मिळतंजुळतं राहतं का.

यातली एखादी वस्तू तुटेल. पिन उघडून हरवेल. हरवलेल्या वस्तूची जागा रिकामी ठेवून मांडायचा मोह होईल, तो आवर. फार वेळा पाहिलंय ते.

ब्रोचचं थोडं तांत्रिक. पिन मध्यावर नको, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात हवी, नाहीतर ब्रोच पुढे मान टाकतो. वीस-पंचवीस ग्रॅमच्या वर वजन गेलं की पातळ सुती कापड ओढलं जातं, तिथे दोन काट्यांची पिन लागते. बाबांना हे सांगायची गरज नाही, पण तू वजन आधी ठरवायला हवंस. आणि एखाद्या वस्तूत सोन्याचा कण वापरायचा विचार असेल तर दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही, पण कस मात्र चिठ्ठीवर खरा लिही. सराफाची मुलगी आहेस.

जागा कोणती घेतलीत ते तू लिहिलं नाहीस. सिव्हिल लाइन्समध्ये काही मिळालं असेल तर उत्तम, दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्राकडे माणसांचा राबता असतो, चित्रकला महाविद्यालयाची पोरंही येतात. कुठेही असो, सराफ्यातल्या त्या काळ्या मखमली माना आणू नका. काचेची कपाटंही शक्यतो नकोत. एक मोठा आरसा लावा आणि निदान तीन वस्तू तरी लोकांना घालून बघू द्या. चोरीची भीती वाटते तर एक पोरगी तिथे उभी करा. आरशासमोर माणूस ब्रोच लावतो तेव्हा तो गप्प होतो, मग काहीतरी बोलतो. ते ऐकायला तू जवळ उभी राहा. प्रदर्शनातून शिकायचं असतं ते तिथे मिळतं, अभिप्रायाच्या वहीत नाही. तिथे सगळे "अप्रतिम" लिहून जातात.

किंमत वजनावर लावू नकोस. लागलेले तास, बाबांची घडणावळ, सामान, जागेचं भाडं किंवा कमिशन, सगळं मांड आणि बेरीज जी येईल ती लिही. ती चांदीच्या भावापेक्षा खूप जास्त येईल आणि तुला लाज वाटेल. एखादं गिऱ्हाईक विचारेलच, "मोड किती?" त्याला सरळ सांग: मोड नाही. पण मोडलं तर मी दुरुस्त करून देईन, जोवर आहे तोवर. ठिगळ लावून. कमिशन किती हे मात्र चौघांनी आधी लेखी घ्या. एका गॅलरीने माझे पैसे चौदा महिने अडकवले होते. तेव्हापासून मी तोंडी शब्दावर प्रदर्शन करत नाही.

आणि समजा काहीच विकलं गेलं नाही, किंवा पुढे बाहेरच्या एखाद्या प्रदर्शनाला पाठवलंस आणि नकार आला. म्युनिकला १९५९ पासून दरवर्षी 'श्मुक' नावाचं समकालीन ज्वेलरीचं प्रदर्शन भरतं, या क्षेत्रातली पंढरीच ती. तिथली निवडसुद्धा त्या-त्या वर्षी एक माणूस करतो, आणि पुढच्या वर्षी माणूस बदलतो. एका वर्षीचा नकार म्हणजे एका माणसाची एका वर्षीची नजर. पण हे सगळं नंतरचं.

आधी येत्या कॉलपर्यंत तीन काळ्या वस्तू. उद्या सकाळी बाबांना पिनांचं काम. आणि रिठे आईला परत दे, केसांना लागतील.

फेब्रुवारीत मी येईन. एकदा कुणाच्या तरी प्रदर्शनात हौसेने ब्रोच लावून बघितला आणि पदराला टीचभर चीर पडली होती, रेशमी साडी होती, लग्नातली. या वेळी सुती नेसून येते. त्या पंक्चरवाल्याने महिनाभर घातलेला माझ्यासाठी बाजूला काढून ठेव.

— काकू